मुंडावळ्या बांधलेला बादशहा

सहावीला रोम शिकवायचा दिवस आला की माझं डोकं दुखायला लागायचं, हे आमच्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं. का दुखतं ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुस्तकात होता तरी केवढा तो मजकूर? जेमतेम एक परिच्छेद. आपल्याकडून मिरी, मलमल, हस्तिदंत रोमला जायचं आणि तिकडून सोन्याचांदीची नाणी यायची, संपलं. बाजूला एका नाण्याचं चित्र. पोरं त्या चित्रातल्या राजाला पेनाने मिशा काढायची, चष्मा लावायची, एकाने तर त्याच्या तोंडात विडी दिली होती. मी रागवायची, आणि रागवताना माझा आवाज गरजेपेक्षा जास्त चढायचा. कारण तो राजा आमच्या देव्हाऱ्यात होता.

थांबा, नीट सांगते.

आम्ही मखमलाबादकडचे, फुलांच्या मळ्यातले. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. नाना, म्हणजे माझे वडील, सायकलला पाट्या बांधून सराफ बाजाराजवळच्या फुलबाजारात जायचे. आई आणि मी खुडणीला. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, दहावीला गणितात आपटला आणि मळ्यात आला. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मावशीकडे सायखेड्याला लग्न होतं, तिकडे वऱ्हाडातल्या पोरांबरोबर गोदावरीत पोहायला उतरला. पोरं वर आली. तो आला नाही.

त्याचा फोटो नव्हता. आज हे कोणाला खरं वाटत नाही, फोनमध्ये प्रत्येकाचे हजार असतात. एका मामाच्या लग्नातल्या घोळक्यात तो होता, पण नेमका फोटो काढताना मागे वळून कोणाशी तरी बोलत होता, त्यामुळे नुसती मानेची मागची बाजू आली. शाळेत ग्रुप फोटो निघाला त्या दिवशी तो शेवंतीला पाणी भरत होता. आई तो लग्नातला फोटो घेऊन तासन् तास बसायची. फोटो उलटा करून मागूनही बघायची, जणू तिकडून चेहरा दिसेल.

आमच्यात घरातला बिनलग्नाचा तरणा मुलगा गेला की त्याचा वीर बसवतात. चांदीच्या पत्र्यावर मुखवटा ठोकून घेतात, त्याला टाक म्हणायचं, आणि तो देव्हाऱ्यात देवांच्या रांगेत ठेवायचा. मग दरवर्षी धुळवडीला घरोघरचे वीर बाहेर पडतात. कर्ता पुरुष अंगाला हळद-गुलाल फासून, टाक खोबऱ्याच्या वाटीत धरून, हलगीच्या तालावर नाचत रामकुंडावर जातो, वीराला गोदावरीत अंघोळ घालतो आणि घरी येऊन होळीभोवती फिरवतो. नाशिकबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, धुळवडीला? आम्ही तर रंग खेळतो! खेळा बापडे. आमच्याकडे त्या दिवशी मेलेली पोरं नाचायला निघतात.

टाक करायला आई, नाना आणि मी सोनाराकडे गेलो. त्याने ठसे दाखवले. सगळ्यांना पीळदार मिशा, सगळ्यांना फेटे, सगळे चाळिशीचे. आई म्हणाली, "माझ्या पोराला धड मिसरूड फुटलं नव्हतं, ह्ये बाप्ये कुठं दाखवता?" सोनार म्हणाला, बाई, सगळे हेच नेतात. तेव्हा आईने कमरेच्या पिशवीतून एक चांदीचं नाणं काढलं. विहिरीचा गाळ उपसताना कधी काळी सापडलेलं, तिच्या कुंकवाच्या डबीत पडून असायचं. त्यावर एका बाजूने दिसणारा चेहरा होता, गुळगुळीत गालाचा, सरळ नाकाचा. कपाळावरून काहीतरी बांधलेलं आणि त्याची टोकं मानेवर सुटलेली.

"बघा ना," आई म्हणाली, "मुंडावळ्या हायत."

सोनाराने भिंग लावून बघितलं. माणूस भला होता, नाहीतर दुपारच्या वेळी कंटाळला होता. "आहेत खऱ्या," म्हणाला, आणि तांब्याच्या छोट्या पत्र्यावर लाख वितळवून त्याने ते नाणं पक्कं बसवून दिलं. रिक्षात आईने ते मुठीत धरलं होतं. सगळ्या रस्त्यात एकदाच बोलली, "लगीन लागल्यावानी दिसतंय गं माझं पोरगं."

नाना रिक्षाबाहेर बघत राहिले.

तर असा दादा देव्हाऱ्यात बसला. पहिल्या वर्षी मला ते नाणं नाणंच दिसायचं. पण आई रोज सकाळी त्याला अंघोळ घालताना बोलायची, आज झेंडूला भाव नाय रे, तुझ्या बहिणीला सर्दी झालीय. आल्यागेल्याला दाखवायची आणि म्हणायची, हुबेहूब हाय का नाय? कोण नाही म्हणणार? मावशी म्हणाली हुबेहूब, आत्या म्हणाली हुबेहूब, दादाबरोबर पोहायला गेलेला एक मुलगा आला आणि ओक्साबोक्शी रडला. दोन-तीन वर्षांत मलाही तो दादाच दिसायला लागला.

मला त्याची नाही, त्याला घेऊन नाचण्याची लाज वाटायची. कॉलेजात गेल्यावर तर फारच. कॉलेज रोडच्या मुलींशी मैत्री झाली होती, त्यांच्या घरी बेसिनमध्ये हात धुवायचे आणि जेवताना सीरियलवर बोलायचे. एका धुळवडीला त्यांतल्या दोघी "वीर बघायला" म्हणून पंचवटी कारंजावर आल्या, मलाही ओढून आणलं. आणि समोरून नाना. उघडे, पिवळेजर्द, डोळे तारवटलेले, तोल जातोय की नाचताहेत कळू नये अशी पावलं. एकजण म्हणाली, "अगं बाई, अवतार बघ!" नानांनी मला बघितलं. त्यांचा चेहरा असा फुलला, आणि त्यांनी खोबऱ्याची वाटी माझ्याकडे पुढे केली, मी नमस्कार करावा म्हणून. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला लागले. पट्टा लागलेलाच होता. हलगी पुढे जाईपर्यंत मी वर बघितलं नाही, आणि नानांनी घरी त्यावर चकार शब्द काढला नाही.

पुढे बी.ए. झालं, बी.एड. झालं, शाळेत लागले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. पहिल्यांदा सहावीचा इतिहास हातात आला, पान उलटलं आणि त्या चित्रावर माझी नजर गेली. तेच नाक, तेच गुळगुळीत गाल, मानेवर सुटलेली तीच टोकं. वाचता वाचता मी थांबले. मुलं म्हणाली, बाई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, वाचा मनात.

आमच्या शाळेत नाणी जमवणारे एक सर होते. त्यांना हळूच विचारलं, तर ते हातातला खडू टाकून म्हणाले, "कधी येऊ?" सर वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, राग काढायला जागा तरी मिळाली असती. रविवारी आले, भिंग घेऊन. मी घर दोनदा झाडलं, अंगणातल्या फुलांच्या पाट्या मागे नेऊन ठेवल्या, नानांना शर्ट घालायला लावला. आईला म्हटलं, सर विचारतील तेवढंच बोल. बाई गं, काय तोऱ्यात होते मी!

सरांनी टाक हातात घेतला आणि भिंग लावलं. "मावशी, हा रोमचा बादशहा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा! तुम्हाला कल्पना आहे का?" मग ते बसले आणि सांगायला लागले. रोममधून जहाजं भरून चांदी भडोचला उतरायची, तिथून घाट चढून नाशिकवरून पैठणकडे जायची. आपल्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे तिकडच्या ग्रीक-रोमन लोकांनी, पैसे देऊन खोल्या कोरून घेतल्यात, जाऊन वाचा. हा बादशहा म्हणजे त्यांचा दुसरा. याच्याच राज्यात येशू ख्रिस्ताला क्रुसावर चढवलं. शेवटी माणसांना इतका कंटाळला की राजधानी सोडून एका बेटावर जाऊन राहिला. नाना मान डोलवत होते. त्यांच्या घरात बसून कोणी एवढा शिकलेला माणूस एवढा वेळ बोलला नव्हता. मी सुद्धा मान डोलवत होते, आणि मधूनमधून "हो, तो व्यापारी मार्ग" वगैरे म्हणत होते.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मुंडावळ्या हायत ना त्याला?"

सर हसले. दुष्टपणाने नाही, लहान मुलाकडे बघून हसतात तसं. "मुंडावळ्या नाहीत मावशी. तो पानांचा मुकुट आहे, बादशहा लोक घालायचे. त्या मागच्या त्याच्या फिती." आणि काय सांगू, मीही हसले. आईने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मागची बाजू बघायला हवी, सर म्हणाले. नाना लगेच उठले. त्यांना कोण आनंद झाला होता, पाहुण्याला काही देता येतंय याचा! समईच्या ज्योतीवर पत्रा धरून लाख मऊ केली आणि सुरीच्या टोकाने नाणं उचकटलं. बसवलेला टाक असा उचकटत नाहीत. हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं, नानाही जाणत होते. आई "अहो" म्हणाली, तेवढंच. मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक बाई निघाली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात डहाळी. सर म्हणाले, बऱ्याच जणांच्या मते ही त्याची आई.

त्यांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. तिथे स्कूटरला किक मारता मारता ते म्हणाले, "गंमत बघा, आईने याला गादीवर बसवायला आकाशपाताळ एक केलं, आणि ती मेली तर हा मयतीलाही गेला नाही." मी पुन्हा हसले. परत आले तर आई देव्हाऱ्यासमोर नुसती बसली होती. पत्रा एकीकडे, नाणं एकीकडे.

दुसऱ्या दिवसापासून आई त्याच्याशी बोलेना. अंघोळ घालायची, पुसायची, ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. नाना मात्र बोलत सुटले. फुलबाजारात, पारावर, सगळ्यांना सांगितलं, आमच्या घरात रोमचा बादशहा. व्हायचं तेच झालं. "काय हो नाना, तुमच्या वीराला पुरणपोळी चालती का पावबटर?" "ज्यानं येशूला लटकवलं त्यो तुमचा वीर? आमच्या होळीला आणू नका बाबा, आग इझायची!" आधी थट्टा होती, मग चुलतभावांनी गंभीरपणे निरोप पाठवला. हा वीर आपल्या कुळातला नाही, परक्याचा मुडदा आहे, याला आमच्या होळीभोवती फिरवायचं नाही. नवा टाक करा, नाहीतर धुळवडीला आमच्यात येऊ नका.

नाना खचले. भाऊबंदांच्या पुढे ते आयुष्यात कधी ताठ उभे राहिले नव्हते, आता कुठून राहणार? आठ दिवसांनी गुपचूप नवा टाक घेऊन आले. पीळदार मिशा, फेटा, हातात तलवार. आईच्या हातात दिला. आईने तो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "ह्यो कोण?"

"आपला पोरगा," नाना म्हणाले.

"ह्यो? ह्यो तर तुमच्या थोरल्या भावावानी दिसतोय."

मला हसू आलं असतं, पण तिचा चेहरा बघवत नव्हता. मी मध्ये पडले, शाळेतल्या आवाजात समजावलं. आई, शेवटी ते प्रतीक असतं, श्रद्धा महत्त्वाची, चेहरा कोणाचा का असेना. आई म्हणाली, "तुला काय गं. तुला कोणाचंबी तोंड चालतं." आणि उठून गेली. मला झोंबलं ते. दोन दिवस मी तिच्याशी घुश्श्यात होते.

धुळवड आली. नाना नव्या वीराला घेऊन, हलगी लावून, भाऊबंदांबरोबर निघाले. नाचायचे म्हणून नाचत होते. आई ओवाळायलासुद्धा बाहेर आली नाही. हलगीचा आवाज लांब गेला तशी ती आतून आली, नवं लुगडं नेसलेली, पदराच्या टोकाला गाठ. मला म्हणाली, "चल. रिक्षा बघ."

"कुठे?"

"त्याला पाणी दाखवायचंय. बारा-पंधरा वर्षं घातलीय अंघोळ, या वर्षी नाय घातली तर कुठं जाईल त्यो?"

आमच्यात बायका वीर नेत नाहीत. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, "म्हणू दे. तू लांब उभी राहा, तुला सवय हाय." तिला चपलेच्या पट्ट्याचं माहीत असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं. मी मुकाट्याने रिक्षा आणली.

रामकुंडावर ही गर्दी. हळद, गुलाल, हलग्या, अंगात आलेले बाप्ये, राम-लक्ष्मण झालेली पोरं. आम्ही दोघी अंग चोरून कडेच्या पायऱ्यांवर गेलो, खाली जिथे निर्माल्य साचतं तिकडे. आईने पदराची गाठ सोडून नाणं तळहातावर घेतलं. तेवढ्यात मागून, "बाई! बाई! तुमच्याकडे पण वीर असतो?" माझ्या वर्गातली दोन पोरं, तोंडं रंगवलेली. "छे रे," मी म्हटलं, "आईला जरा दर्शनाला आणलंय." पोरं पळाली. आईने ऐकलं. तिने मूठ मिटून नाणं लुगड्याच्या ओच्यात लपवलं, माझ्यासाठी. पोरं दिसेनाशी झाल्यावरच परत काढलं. मला त्या पायरीवर जीव नकोसा झाला.

मी तिच्या शेजारी बसले. पाण्यात पाय सोडले, साडी भिजली. आई नाणं उलटं करून बघत होती.

"ही बाई त्याची आई, असं म्हणले ना सर?"

"हो. बरेच जण म्हणतात."

"मायलेक एकाच नाण्यावर." तिने अंगठ्याने ती बाजू पुसली. "लय जीव असंल एकमेकांवर."

मी हो म्हटलं. मयतीचं सांगितलं नाही. सगळ्या जगाला इतिहास शिकवते, तेवढा एक नाही शिकवला.

तिने नाणं पुन्हा चेहऱ्याच्या बाजूने उलटलं. मग म्हणाली, "दादा हसला का त्याच्या गालाला खळी पडायची. तुला आठवतंय ना?"

"हो."

"कुठल्या गालाला गं?"

मी डोळे मिटले. दादाला समोर आणायला गेले. मळ्यात उभा केला, विहिरीवर उभा केला, सायकलवर बसवला. दरवेळी मान वळायची आणि तोच बादशहा यायचा, सरळ नाकाचा, पानांचा मुकुट घातलेला. त्याचं राज्य, त्याचं बेट, त्याची आई, सगळं मला तोंडपाठ होतं. माझ्या भावाची खळी मला माहीत नव्हती. मला स्वतःची शरम वाटली.

"नाही आठवत, आई."

मला वाटलं, आता ती रागवेल. रागवली असती तर मी सुटले असते. पण तिने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, कोणी ओळखीचं ऐकत नाही ना. तिची मान खाली गेली. माझ्या आईला लाजताना मी कधी बघितलं नव्हतं. भर बाजारात पाटी डोक्यावर घेऊन भांडणारी बाई ती.

"मलाबी नाय," ती म्हणाली. "सोनाराकडं गेलो ना, तवाच त्याचं तोंड पुसट झालं होतं. म्हणून तर मी ह्याचं धरलं. कोणाचं का असंना, एक तोंड पाहिजे ना समोर." तिने नाणं पाण्यात धरलं, बोटांनी हळूहळू चोळलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नानाला सांगू नको. कोणालाच सांगू नको. आई असून विसरली म्हणतील."